जमिनीवरचं विमान

ते विमान चाकणला आमच्या शेडमध्ये ट्रेलरवरून आलं, तेव्हा मी नुसत्या दोऱ्या सोडवायला गेलो होतो. लढाईच्या एका सिनेमासाठी मी फायबरचं हुबेहूब विमान बनवलं होतं. सात महिने खपलो होतो. दिग्दर्शकानं एकदाच पाहिलं. “खोटं दिसतं,” म्हणाला. “खरंच पाहिजे.” मग कुठल्याशा गोदामातून हे आणलं, खरोखर लढाईत उडालेलं. आता उडवायचं नव्हतं. चाकांना लाकडी ठोकळे लावून फक्त इंजिन चालू करायचं, एवढंच.

आमचे मालक सावळारामकाका म्हणाले, “आत निरंजन बसंल. त्याचा हात हलका हाय.”

निरंजन लातूरकडचा. त्याला वेल्डिंग मी शिकवलेलं. मी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली, पण आतून जळत होतो. त्या जुन्या पत्र्यावरही, निरंजनवर त्याहून जास्त.

शूटिंग चाकणच्या पुढे माळावर होतं. मे महिना. दुपारी सगळे मांडवात जेवायला गेले आणि मी कॉकपिटात चढलो. त्याच्या जागेवर एकदा बसून बघायचं होतं. आत जुन्या चामड्याचा आणि तेलाचा वास. वरची काच ओढली तशी बाहेरच्या जनरेटरची घरघर एकदम थांबली. मी तिथला हेडफोन कानाला लावला. त्याची तुटकी वायर माझ्याच मांडीवर पडलेली होती.

कानात कुणीतरी श्वास घेतला.

“वर कोण येणार?” दमलेला, साधा आवाज.

घाबरायच्या आधीच माझ्या तोंडून निघून गेलं, “निरंजन.”

“बरं...”

मी कसाबसा उतरलो. समोरून निरंजन हात पुसत येत होता. “दादा, तुमीच बसा की आज,” तो म्हणाला. “तुमी बनवलेलं घेतलं नाही, मला बरं वाटंना. काकांना मी सांगतो.”

तेव्हा बोलायला हवं होतं. पण मला वाटलं, हा मला भीक घालतोय.

“तूच बस,” मी म्हणालो.

इंजिन सुरू झालं. धूळ उडाली, पायाखालची जमीन थरथरली. बारा मिनिटं चाललं ते. ठोकळ्यांपाशी मीच उभा होतो, विमान बोटभरही हललं नाही. इंजिन बंद झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निरंजन उतरेना. वर चढून काच ढकलली तर तळहात चिकटला, इतकी ती गार होती. तो बसलेला. ओठ निळे.

“दादा...” तो म्हणाला, “बाकीचे उतरले का?”

पिंपरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याची काळी पडलेली बोटं उलटसुलट करून पाहिली. “थंडीनं गोठलीत. कुठल्या बर्फात गेला होता हा?”

“थंडीच्या गावाला म्हणून लोणावळ्याच्या पुढं कधी गेले नाहीत ते,” त्याची बायको मिनल म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. अजूनही मी मिनलला काही सांगितलेलं नाही.

मिनल त्याच्या गालावरून हात फिरवत होती. फिरवता फिरवता तिचा हात थांबला.

“भावजी,” ती हळूच म्हणाली, “सकाळी माझ्यासमोर दाढी केली हो यांनी...”

मी वाकून पाहिलं. आठवडाभराची तरी दाढी वाढलेली होती.