सत्तराव्या वर्षीचा पत्ता

मंगळवारचा तिसरा तास समिधाचा मोकळा असायचा. त्या तासाला ती प्रयोगशाळेतले ब्युरेट धुवून उलटे लावून ठेवायची आणि मग खिडकीशी बसून एक संत्रं खायची. त्या मंगळवारी संत्रं अर्धंच झालं होतं, तेवढ्यात सुपरवायझर उझमा मॅडमची चिठ्ठी आली. नववी ब, इंग्रजी. जेसन सर व्हिसाच्या मेडिकलला गेलेत, तास सांभाळा.

दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या त्या शाळेत केमिस्ट्री शिकवायला लागून तिला दीड वर्ष झालं होतं. इंग्रजीच्या जेसन तुस्कानोंना ती फक्त पाठीकडून ओळखत होती. असेंब्लीत पुढच्या रांगेत एक उंच पाठ असायची आणि तिच्यावरची कॉलर डाव्या बाजूने कायम दुमडलेली.

वर्गात फरशीवर पाच मोठे चार्टपेपर पसरले होते. मुलं एक कादंबरी शिकत होती. त्यातल्या शहरात प्रत्येकाला अठराव्या वाढदिवशी सरकारकडून एक लिफाफा मिळायचा. काम कोणतं, घर कुठलं, जोडीदार कोण, सगळं त्यात लिहिलेलं. असं वाईट शहर वाचून झाल्यावर सरांनी सांगितलं होतं, आता चांगलं शहर तुम्ही तयार करा. एक रिकामं बेट, नियम तुमचे. पाच गट, पाच बेटं.

कादंबऱ्यांतलं समिधाला फारसं कळत नसे, पण बेट म्हटल्यावर तिला आधी पाणी दिसलं. प्यायचं पाणी कुठून येतं, असं तिने पहिल्या गटाला विचारलं. सुपरमार्केटमधून, मुलं म्हणाली. मग तिने फळ्यावर समुद्र काढला, त्याचं पाणी गोडं करणारा कारखाना काढला आणि उरलेलं मीठ हातात धरून उभा असलेला एक माणूस काढला. हे कुठे टाकायचं? परत समुद्रात टाकलं तर मासे मरतात. पुढची पंधरा मिनिटं वर्ग त्या मिठावरून भांडत होता.

"मग काय ठरलं मिठाचं?"

प्रश्न मराठीत होता, म्हणून तिने वळून पाहिलं. दारात तीच उंची, पण या वेळी समोरून. कोपराच्या आत रक्त काढल्याच्या जागी कापूस चिकटवलेला. ती खडू ठेवायला लागली तसा तो म्हणाला, "थांबू नका, मॅडम. मी रक्त देऊन आलोय, मला जरा बसायचंच आहे." आणि खरोखरच शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

तास संपल्यावर जिन्यात त्याने सांगितलं, की चार वर्षांत त्याच्या पोरांना मिठाचं कोणी विचारलं नव्हतं.

"तुम्ही विचारायचं होतं," समिधा म्हणाली.

"मी इंग्रजीचा माणूस. मी विचारतो, त्या बेटावर तुम्हाला एकटं वाटेल का."

"मग काय म्हणतात?"

"वायफाय आहे म्हणतात."

तिला हसू आलं. का आलं याची तिने नोंद ठेवली नाही, आणि हे तिच्या स्वभावात नव्हतं.

त्यानंतर दर मंगळवारी तिसऱ्या तासाला ती नववी ब मध्ये जाऊ लागली. मुलांनी तिला बेटांची इन्स्पेक्टर नेमलं होतं. जेसनने कादंबरीची आपली प्रत दिली. तिने ती करामाच्या फ्लॅटवर शनिवार-रविवारात संपवली आणि सोमवारी एका कागदासकट परत केली. कागदावर लिहिलं होतं: पान एक्केचाळीस, लोकसंख्या आठ हजार. पान एकशे बारा, शहरात रोज तीन हजार पाव भाजतात. उरलेले पाच हजार लोक काय खातात?

स्टाफरूममध्ये तो इतका हसला, की उझमा मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"मी या पुस्तकावर रडलोय हो," तो म्हणाला. "पाव कधी मोजले नाहीत."

कुठल्या पानावर रडलात, असं तिने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मग दुधाळ, कडक अशा करक चहाच्या कागदी पेल्याशी खेळत त्याने सांगितलं, की ती मुलगी लिफाफा उघडते, आत नेमकं तिला हव्या असलेल्या मुलाचंच नाव असतं, आणि तरी ती तो जाळून टाकते, तिथे.

"ते मला कळलंच नाही. हवं तेच आलं होतं की."

"आलं होतं. पण तिला कोणी विचारलं नव्हतं."

पेल्यातल्या वेलचीचा वास मध्ये होता, एसीचं पाणी खिडकीबाहेर टपटपत होतं, आणि त्याची कॉलर आजही दुमडलेली होती. हात पुढे करून ती सरळ करायला फार तर दोन सेकंद लागले असते. समिधाने पेला उचलला.

फ्लॅटमधली तिची जोडीदारीण इनेज एका हॉटेलच्या रिसेप्शनवर होती, मूळची वसईची. नाव ऐकताच तिने कपाळावर हात मारला. तुस्कानो, आमच्या तिकडच्या गास गावचा? त्या घरातली माणसं मनातलं बोलायला पिढ्यान् पिढ्या घेतात, असं तिचं म्हणणं. "पण तू एक लक्षात घे समिधा," ती म्हणाली, "मिठासाठी कोणी कोणाला दर मंगळवारी बोलवत नाही ग."

चौथ्या मंगळवारी समिधाने लोकसंख्या काढायला सांगितली. कोणत्या वयाची किती माणसं, दहा-दहा वर्षांची एकेक पट्टी, सर्वांत खाली बाळं. मुलांनी रंगीत पेनांनी पट्ट्या काढल्या. तिने पाचही कागद फळ्यावर शेजारी शेजारी लावले आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं. पाचही आलेख साठाशी सपाट कापलेले होते. जणू कोणीतरी पट्टी धरून वरचा भाग फाडून घेतला होता.

"साठीच्या पुढची माणसं कुठे आहेत?"

अर्श, सगळ्यांत नीटनेटक्या बेटाचा गटप्रमुख, सहज म्हणाला, "दे गो बॅक, मिस."

"बॅक कुठे?"

"होम."

समिधाने त्याच्याच चार्टवरचा पहिला नियम वाचून दाखवला. या बेटाबाहेर दुसरा देश नाही. अर्शने चार्टकडे पाहिलं, मग आलेखाकडे. कोणी हसलं नाही. एकतीस मुलांचा वर्ग, बहुतेक सगळी याच शहरात जन्मलेली. आजी-आजोबा म्हणजे दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर येणारे किंवा फोनच्या पडद्यावर दिसणारे. बिल्डिंगमधले अंकल साठीचे झाले, नोकरीबरोबर व्हिसा संपला, की त्यांच्या दारात कार्गोची खोकी लागतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. म्हाताऱ्यांना त्यांनी मुद्दाम वगळलं नव्हतं. त्यांच्या जगात ते नव्हतेच.

पहिल्या बाकावरच्या बानूने हळूच हात वर केला. "मिस, व्हेअर विल यू गेट ओल्ड?"

समिधाने नकळत शेवटच्या बाकाकडे पाहिलं. जेसन तिच्याकडेच पाहत होता... मग त्याने घाईने वहीत डोकं घातलं. सांगते नंतर, असं म्हणून तिने वर्गाची सुटका केली, की स्वतःची, हे तिलाही नक्की सांगता आलं नसतं.

कारण हा प्रश्न तिच्या पर्समध्येही होता, दोन कागदांच्या रूपात. एक शाळेचा फॉर्म. पुढच्या वर्षी नोकरीवर राहणार का, होय किंवा नाही यावर खूण करून पुढच्या गुरुवारपर्यंत द्यायचा. दुसरं पुण्याच्या एका प्रयोगशाळेचं पत्र. समुद्राच्या पाण्यातलं मीठ अडवणाऱ्या पातळ पडद्यांवर दोन वर्षांचं संशोधन, एप्रिलपासून. ऑगस्टमध्ये, म्हणजे मंगळवार सुरू होण्याच्या आधी, तिने तिथे अर्ज केला होता.

त्याच दुपारी तिने जेसनला दोन्ही कागद दाखवले. त्याने पत्र दोनदा वाचलं.

"छान," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "छानच."

त्यानंतर आठ दिवस तो तिच्याशी चार्टपेपर, डिंक आणि प्रदर्शनाच्या टेबलांखेरीज कशावरही बोलला नाही. स्टाफरूमला जाताना प्रयोगशाळेजवळचा जिना सोडून पलीकडचा जिना वापरू लागला. समिधाने हे पाहिलं. तिला वाईट वाटलं, आणि मग वाईट का वाटावं याचा तिने रीतसर विचार केला. त्याने थांब म्हणावं असं वाटतंय का? तो म्हणाला, तर कदाचित ती थांबेल, आणि पुढे कधीतरी नळ सोडताना ते न पाहिलेले पडदे आठवून त्याच्यावर चिडेल. तो म्हणाला नाही, तर ती जाईल, आणि मंगळवारी तिसऱ्या तासाला पुण्यात काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. दोन्हीकडून उत्तर वाईटच येत होतं. इनेज म्हणाली, सरळ विचार. समिधा म्हणाली, ज्याला बोलायचं असतं तो जिना बदलत नाही.

बुधवारी चार वाजता तिने फॉर्म उझमा मॅडमच्या हातात दिला.

गुरुवारी हॉलमध्ये प्रदर्शन होतं. मुलांनी आठवडाभरात बेटं दुरुस्त केली होती. अर्शच्या बेटावर म्हाताऱ्यांची घरं आता मासळीबाजाराला लागून होती, कारण त्याच्या आजोबांना मासे स्वतः निवडून घ्यायला आवडतात. दुसऱ्या एका बेटाने एअरपोर्ट खोडून तिथे बाग केली होती. आणि दाराशी टेबल मांडून बानू बसली होती. आत येणाऱ्या प्रत्येकाने नागरिकत्वाचा फॉर्म भरायचा, आई-वडील असोत की शिक्षक. नाव, वय, काम, आणि शेवटचे दोन प्रश्न: सत्तराव्या वर्षी पत्ता काय? सोबत कोण?

दुपारी फॉर्म समिधाकडे आले. त्या उत्तरांवरून भिंतीवर एक मोठा आलेख भरायचा होता, सत्तरीच्या पट्टीत दर माणशी एक चौकोन. मात्र पत्ता किंवा सोबत, दोन्हींतलं एक तरी ठरलेलं हवं, असा बानूचा नियम. एकशे बारा फॉर्म. कोणी त्रिशूर लिहिलं होतं, कोणी कराची. एका बाईंनी लिहिलं होतं, मुलगा नेईल तिथे. एका गृहस्थांनी सोबतीच्या रकान्यात बायकोचं नाव लिहून पुढे जोडलं होतं, ती हो म्हणाली तर.

एकशे अकरा फॉर्म इंग्रजीत होते. एकच देवनागरीत. अक्षर तिला ओळखीचं होतं, कादंबरीच्या समासात पाहिलेलं. पत्ता: ठरलेला नाही. सोबत: विचारायचं आहे. तिचा नोकरीचा फॉर्म एकदा जाऊ दे.

समिधा उठली. हॉलच्या दुसऱ्या टोकाला जेसन एक सुटलेला चार्ट चिकटवत होता.

"जेसन सर, एक फॉर्म अपुरा आहे," ती म्हणाली. "मी आलेखात कसा घेऊ?"

त्याने वळून तिच्या हातातला कागद पाहिला. चिकटपट्टीचा तुकडा त्याच्या अंगठ्यावर तसाच राहिला.

"तुमचा गेला?"

"काल. चार वाजता."

कशावर खूण केली, हे त्याने विचारलं नाही. ती थांबली. मनात अकरापर्यंत मोजून झाल्यावर तिनेच सांगितलं, "'नाही'वर खूण केली. एप्रिलमध्ये पुणे."

त्याने मान हलवली. "बरं केलंत. खरंच. मी आठ दिवस तोंड उघडलं नाही ते त्यासाठीच. मी थांब म्हटलं असतं आणि तुम्ही थांबला असता... तर तो लिफाफाच झाला असता ना."

"आणि मी आठ दिवस पलीकडच्या जिन्याने जाणारा माणूस बघत होते. मला वाटलं, विषय संपला."

"त्या जिन्याला पायऱ्या किती जास्त आहेत, माहितीये?"

"चौदा," समिधा म्हणाली. "मीही जाऊन आले एकदा. तुम्ही दिसला नाहीत."

आता तो हसला, पण थोडंसंच, कारण पुढचं सोपं नव्हतं. अंगठ्यावरची चिकटपट्टी काढून त्याने ती स्वतःच्याच शर्टाला लावली.

"समिधा... सत्तराव्या वर्षी तू कुठे असशील?"

तू. तिने ते ऐकलं आणि जपून ठेवलं. मिरजेत तिची आई काय म्हणेल आणि गासला त्याच्या घरचे काय म्हणतील, हे दोन वेगळे प्रयोग होते, आणि दोन्हींत काचेची भांडी फुटण्याची शक्यता बरीच होती. पण प्रश्न आत्ता तो नव्हता.

"मी सव्वीस," ती म्हणाली. "म्हणजे चव्वेचाळीस वर्षं आहेत. त्यातली दोन मी पुण्याला देऊन बसलेय."

"बेचाळीस उरली."

"तुझी कमी आहेत. तू एकोणतीस ना?"

"हो. मी तीन वर्षं आधी पोचतो," जेसन म्हणाला. "तू येईपर्यंत जागा धरून ठेवतो."

तिने त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं. फॉर्म भिंतीला टेकवून सोबतीच्या रकान्यातलं वाक्य एका रेघेने खोडलं आणि आपलं नाव लिहिलं. पत्त्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. तो पाहत होता.

"हे राहू दे," ती म्हणाली. "आधी पाणी कुठून येतं ते बघू." मग डाव्या हाताने तिने त्याची कॉलर सरळ केली. खरंच दोन सेकंद लागले.

दाराशी बानू उभी होती. "मिस, इज द डेटा रेडी?"

"रेडी," समिधा म्हणाली आणि आलेखाशी गेली. सगळ्यांत वरच्या पट्टीत, जिथे आठवड्यापूर्वी मुलांचे कागद रिकामे होते, तिने निळं पेन उचलून शेजारी शेजारी दोन चौकोन भरले.