फिकट रंगांचं भांडण

नम्रता पटवर्धनला राग आला की ती सदाशिव पेठेत असो नाहीतर हडपसरला, आवाज तेवढाच लागतो. आई-वडिलांनी काय विचार करून हे नाव ठेवलं, देव जाणे! मार्चातल्या त्या दुपारी तिने ऑफिससमोरच्या रसवंतीत ग्लास असा काही आपटला की आलं-लिंबाचा रस शेजारी बसलेल्या मुलाच्या शर्टावर उडाला.

"सॉरी," ती म्हणाली. सॉरीसुद्धा रागानेच.

"असू द्या," मुलगा शर्ट झटकत म्हणाला. "रसानं काय केलंय एवढं?"

"रसानं कशाला काही करायला हवं? आमच्या ऑफिसात एक महाशय नवीन आलेत. आल्या आल्या आमच्या गाड्यांच्या एक्सेल शीटला रंग दिलेत त्यांनी. रंग कसले... पावडर फासलीये नुसती! फिकट हिरव्यावर करडी अक्षरं. लग्नपत्रिका वाटली का त्यांना ती?"

"फिकट हिरवा नाही तो."

"मग काय आहे?"

"पिस्ता," मुलगा हळूच म्हणाला.

नम्रताने मान वळवली. कुरळे केस, सावळा चेहरा, दाबून धरलेलं हसू... आणि गळ्यात तिच्याच ऑफिसचं कार्ड. त्यावरचं नाव वाचायला ती पुढे वाकली, इतकी जवळ की तोच बिचारा मागे सरकला. अभिनव मेश्राम.

"तुम्हीच का ते?"

"मीच तो महाशय. भंडाऱ्याचा. पण एक सांगू? रागावलेलं माणूस इतकं छान दिसतं, हे पुण्यात आल्यावर कळलं."

"हे असलं बोलणं तुमच्या शीटइतकंच फिकं आहे," नम्रता म्हणाली आणि ताडताड निघून गेली. मागे चरकाचे घुंगरू वाजत राहिले. रस्ता ओलांडताना तिला जरासं हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखीच राग आला.

राग उगाच नव्हता हो. मार्केट यार्डातून भाजीच्या गाड्या निघतात, शहरभरच्या हॉटेलांत आणि दुकानांत जातात. कुठली गाडी कुठे अडकली, कुठली आधी उतरवायची, ते सगळं एका शीटवर दिसायचं. ती शीट बघून ड्रायव्हरना फोन करायचे, हे नम्रताचं काम. एक ओळ म्हणजे एक गाडी. उशीर झाला की ती ओळ लाल. साधा हिशोब होता. या शहाण्याने लालाचा गुलाबी केला, तोही इतका लाजरा की पांढऱ्यापासून वेगळा ओळखू येईना!

निदान नम्रताला तरी येईना. कॉलेज संपता संपता तिच्या बुबुळांचा आकार बिघडायला लागला होता. आंधळी होणार नाहीस, पण चष्म्याने नजर पूर्ण सुधारणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पांढऱ्यावर ठळक काळं असेल तर ती झरझर वाचायची. फिकटावर फिकट आलं, की दुधात पडलेला तांदळाचा दाणा शोधत बसावं तशी गत.

बाणेरच्या आधीच्या कंपनीत तिने हे खरं खरं सांगितलं होतं. काय गोड वागले सगळे! तिला सोपं काम दिलं, मग त्याहून सोपं, आणि शेवटी कामच उरलं नाही म्हणून घरी बसवलं. तेव्हाच तिने ठरवलं, पुन्हा कुणाला सांगायचं नाही. हे टेबल, हे फोन, ही धावपळ तिला जिवापाड हवी होती. आणि आज सकाळी त्या लाजऱ्या गुलाबीत तिला कोथिंबिरीची गाडी दिसलीच नाही. गाडी उन्हात सुकली. टीमचे प्रमुख दत्तप्रसाद सर सगळ्यांसमोर म्हणाले, "नम्रता, लक्ष कुठंय तुझं?"

मग सुरू झालं युद्ध. नम्रताने शीट पुन्हा भडक लाल केली. अभिनवने ती पुन्हा फिकट केली आणि खाली शेरा लिहिला: 'डोळ्यांना त्रास होतो.' तिने लिहिलं: 'तुमच्या डोळ्यांना विश्रांती हवी असेल तर रजा घ्या.' त्याने लिहिलं: 'रजेत तुम्ही दिसणार नाही.' हे सगळ्या ऑफिसने वाचलं! नम्रता तरातरा त्याच्या टेबलापाशी गेली.

"उठा. माझ्या टेबलावर या. आत्ता. समोरासमोर काय ते ठरवू."

तो आला, खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. अत्तर नाही, काही नाही, नुसता उन्हात वाळलेल्या सुती शर्टाचा वास. नम्रताने मुद्दाम स्क्रीनकडेच पाहिलं.

"अक्षर काळं. मागचा रंग उजळ पिवळा. आणि लाल ठेवलात तर गडद लाल, त्यावर अक्षर पांढरं, जाड."

"खुपतंय हो डोळ्यात."

"खुपू दे. खुपलं की दिसतं."

तो हसला. माऊसवर दोघांचे हात एकदमच गेले... आणि दोघांनीही ते जरा उशिराच काढले. मग त्याने न सांगताच आणखी एक गोष्ट केली. ज्या ओळीवर तिचा कर्सर जाईल, ती अख्खी ओळ गडद निळी आणि अक्षरं पांढरी. नम्रताने बटण दाबलं. ओळीमागून ओळ उजळत गेली. पालक, मेथी, भेंडी, टोमॅटो... खुर्चीत टेकून बसल्या जागी सगळं वाचता येत होतं! तिला एकदम रडूच यायला लागलं.

अभिनव तिच्याकडे बघत राहिला. त्या दिवशी कार्ड वाचायला वाकलेली, रोज स्क्रीनला नाक लावणारी नम्रता त्याला आठवली असावी.

"अच्छा..." एवढंच तो म्हणाला. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ते 'तुम्ही'वरून 'तू'वर आले, आणि दुपारचा चहा कुणी एकट्याने प्यायचं बंद झालं.

आणि मग शुक्रवारच्या मीटिंगमध्ये या गाढवाने घात केला.

दत्तप्रसाद सरांनी भिंतीवर शीट लावली आणि कपाळाला हात लावला. "अरे, हे काय? रिक्षा रंगवलीये का? कोणाचे दिवे हे?" सगळे हसले. अभिनव ताडकन उभा राहिला. "सर, हसू नका. नम्रताला फिकट रंग दिसत नाहीत. तिच्या डोळ्यांना प्रॉब्लेम आहे, म्हणून केलंय मी."

नम्रताच्या पायाखालची जमीन सरकली.

"अगं बाई," सर मऊ आवाजात म्हणाले, "आधी नाही का सांगायचंस? तुला फायलींचं निवांत काम देतो. फोनांचं लाईव्ह टेबल आपला रोहन बघेल." तोच मऊ आवाज. बाणेरचा! ती उठली आणि बाहेर पडली.

जिन्यात अभिनवने तिला गाठलं. "नम्रता, ऐक ना... ते हसत होते, मला सहन नाही झालं—"

"तुला सहन झालं नाही? तुला? मी तुला वकीलपत्र दिलं होतं? इतके दिवस जपलेलं माझं गुपित तू एका वाक्यात वाटून मोकळा झालास, पेढे वाटल्यासारखं! डोळे माझे, नोकरी माझी. सांगायचं की नाही, तेही माझंच होतं!"

"मी आत्ता जातो, सरांना सांगतो की तुला जमतं—"

"पुन्हा तूच सांगणार?" ती एवढ्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावरचा वॉचमन वर बघायला लागला. "मला कणव नकोय कुणाची, आणि तुझी तर मुळीच नको!"

अभिनवचं तोंड पांढरं पडलं. "चुकलो," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तेही नम्रताला आवडलं नाही. ती वळली आणि धाडधाड जिना चढून परत मीटिंगमध्ये शिरली. तो मुकाट्याने मागून आला.

"सर, मी टेबल सोडणार नाही," तिने उभ्या उभ्याच सांगितलं. "माझे डोळे कमजोर आहेत, डोकं नाही. सांगितलं नाही, कारण सांगितलं की लोक काम काढून घेतात. तुम्हीही तेच केलंत, आत्ता, एका मिनिटात."

सर गोरेमोरे झाले. मग पुरुषमाणसाच्या जुन्या सवयीने त्यांनी तिच्यावरून नजर उचलून मागे दाराकडे नेली. "अभिनव, तू तिचं काम पाहिलंस. जमेल का रे तिला?"

अभिनवने तोंड उघडलं. केवढं सांगायचं होतं त्याला, गळ्यापर्यंत आलं होतं सगळं... त्याने ते गिळलं.

"तिलाच विचारा, सर."

नम्रताने मागे वळून पाहिलं नाही. पण पाठीशी ते शब्द उभे राहिले, आणि इतक्या वेळाने पहिल्यांदा तिने नीट श्वास घेतला.

"बरं," सर ओशाळून म्हणाले. "नम्रता, जमेल?"

"हे रंग राहिले तर जमेल. गुलाबी आणाल तर तुमच्याही गाड्या सुकतील."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सरही हसले. रंग राहिले. टेबलही राहिलं.

संध्याकाळी बसस्टॉपवर नम्रता उभी होती, आणि हातभर अंतर ठेवून अभिनव. बोलणं बंद. समोरून बस आली. तिरप्या उन्हात तिच्यावरची पाटी नुसती चमकत होती. नम्रताने डोळे बारीक केले. एरवी ती शेजारच्या बाईला काहीतरी निमित्त काढून विचारायची. अभिनव ओठ घट्ट मिटून रस्त्याकडे बघत राहिला.

"कुठली आहे?" तिने विचारलं.

तो दचकला. "सांगू?"

"अरे, विचारतेय ना! विचारलं की सांगायचं. न विचारता तोंड उघडायचं नाही. एवढं साधं कळत नाही?"

"कळलं. कात्रज आहे ही."

"मग जाऊ दे."

थोड्या वेळाने दुसरी आली. तिने नुसती भुवई उचलली. "स्वारगेट," तो पुटपुटला. "तुझी."

"ऐकलं. जाऊ दे हीपण."

बस निघून गेली. धुरळा खाली बसला. अभिनव तिच्याकडे बघायचं धाडस करत नव्हता.

"माझा राग गेलेला नाही," नम्रता म्हणाली. "तो लवकर जाणारही नाही. आणि तू मला आवडतोस. भयंकर आवडतोस. त्याचा तर सगळ्यात जास्त राग येतोय."

"मले बी..." घाबरला की त्याची भंडाऱ्याची बोली बाहेर यायची.

"काय 'मले बी'? वाक्य पूर्ण कर."

"आता बोलू?"

"हो. आता बोल."

मग तो बोलला. अडखळत, भंडाऱ्याच्या बोलीत, पुढच्या किती बस आल्या नि गेल्या तरी बोलतच राहिला, आणि नम्रताने त्याला एकदाही अडवलं नाही.