चौतीस किलोमीटर

पेठ रोडवरच्या बंटी मिस्त्रीच्या गॅरेजात खंडेराव दर दोन दिवसांनी येऊन मोडक्या खुर्चीवर बसत. चहा येई, बंटी हात पुसत येई आणि ‘उद्या नक्की’ म्हणून पुन्हा दुसऱ्याच गाडीखाली सरके. त्याची जुनी खोड होती. गाडी आली की त्याच दिवशी इंजिन उतरवून खोलून टाकायचं, म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. मग काम सवडीनं. खंडेरावांच्या पिकअपचं इंजिन असंच पोळ्याआधी उतरवलं, क्रँक घासायला अंबडच्या मशीन शॉपला धाडलं, आणि तिथं ते रांगेत पडलं ते पडलंच.

गाडी टाकली होती कुंदननं, त्यांच्या एकुलत्या मुलानं. आठ दिवसांचा वायदा होता. बाराव्या दिवशी पहाटे झेंडूचे क्रेट मोटरसायकलला बांधून तो गिरणाऱ्याहून पंचवटीच्या मार्केटला निघाला, आणि वाटेत एका ट्रकनं त्याला उडवलं. पिकअप वेळेवर मिळाली असती तर पोरगा आज असता. खंडेरावांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. बंटीलाही ते कळत होतं, म्हणून तो त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवत नसे.

दसरा तोंडावर आला होता. सून प्रतिभा शेजाऱ्याच्या टेम्पोत चार क्रेट चढवण्यासाठी रोज विनवण्या करी. दसऱ्याचा माल तसा निघणार नव्हता. पिकअप आली नाही तर वर्षाचं पीक वावरातच वाळणार होतं.

एके दुपारी ऊन चुकवायला खंडेराव पिकअपमध्ये जाऊन बसले. गाडी विटांवर उभी होती. मागची चाकं काढलेली, बॅटरी नाही, गिअरबॉक्स खाली उतरवलेला, मीटरची केबल लोंबकळत होती. काचेवर जॉब कार्ड चिकटवलेलं, त्यावर कुंदनच्या अक्षरात गाडी टाकतानाचा मीटरचा आकडा. समोरच्या मीटरवरचा आकडा त्याच्या बराच पुढे होता.

पोरानं चुकीचं लिहिलं असेल, असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी नवा आकडा तळहातावर उतरवून घेतला. दोन दिवसांनी पाहिलं तर आणखी अडुसष्ट वाढले होते.

“गाडी कोन फिरवतं रे?” त्यांनी विचारलं.

“नाना, इंजिन नाय, गिअरबॉक्स नाय. फिरवनार कशी?”

बंटीनं डोकं आत घालून मीटर पाहिलं, मग खाली वाकून ती सुटी केबल हातात धरली आणि बराच वेळ तशीच धरून राहिला. त्या दिवशी त्यानं ‘उद्या नक्की’ म्हटलं नाही.

रोजचे चौतीस. घर ते मार्केट सतरा, मार्केट ते घर सतरा. खंडेरावांनी कुंदन गेल्यापासूनचे दिवस मोजले, चौतीसनं गुणले, कार्डावरच्या आकड्यात मिळवले. एक किलोमीटरचाही फरक आला नाही.

मग ते रोज सकाळी येऊ लागले आणि गाडीचं काही विचारीनासे झाले. नुसते आत बसत. आत ओल्या झेंडूचा वास असे, आणि ड्रायव्हरची सीट कोमट लागे. कित्येक दिवसांनी त्यांच्या जिवाला थोडा थारा मिळाला होता.

आणि इंजिन आलं.

“दोन दिवसांत गाडी देतो,” बंटी म्हणाला.

“घाई नको करू. राहू दे थोडे दिवस.”

बंटीनं पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

घरी त्यांनी इंजिन अजून आलं नाही म्हणून सांगितलं. प्रतिभा भांडली नाही. तिनं बंटीला आधीच फोन केला होता. कडेनं काळी पडलेली ओंजळभर फुलं तिनं त्यांच्यापुढं ठेवली.

“नाना, फुलं थांबत नाय ओ.”

खंडेराव तिच्यासमोरच रडले. मग त्यांनी बंटीला फोन लावला आणि इंजिन बसव म्हणाले.

बंटीनं जन्मात पहिल्यांदा घाई केली. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यानं कामाला हात घातला आणि एका दिवसात इंजिन बसवलं.

त्याच्या दुसऱ्या सकाळी खंडेराव आणि प्रतिभा गाडी न्यायला गेले. जागेवरच चालू करून बघितली, नाना आल्याशिवाय हलवली नाही, असं बंटीनं शपथेवर सांगितलं. खंडेरावांनी मीटर पाहिलं.

परवापासून फक्त सतरा वाढले होते.

गेला होता. परत आला नव्हता.

त्यांनी गाडी घराकडे वळवली नाही, आधी मार्केटला घेतली. गेटापाशी त्यांनी गाडी थांबवली, आणि समोरच्या दुकानातून सुतळी आणायला प्रतिभा उतरली. तिच्या बाजूचं दार उघडंच राहिलं. खंडेराव स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले. गाडी जराशी डावीकडे कलली आणि परत सरळ झाली.

प्रतिभा सुतळीचं बंडल घेऊन आली. सीटच्या कडेला टेकली. दार दोनदा ओढलं, तरी लागेना.

“आत सरक ना,” खंडेराव म्हणाले.

ती दाराला चिकटून, अंग चोरून बसली होती. पदर तिनं डोक्यावर घेतला होता.

“जागा नाय, नाना.”