सात नंबरची नाडी

काम साधंच होतं. ताईच्या वॉर्डातला कॉम्प्युटर तपासायचा, तोही भर दुपारी. पण खरं सांगतो, माझं डोकं घरूनच तापलेलं होतं. सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा गेले, धोक्याची घंटा वाजलीच नाही, आणि इस्पितळाच्या साहेबांनी खुशाल ठरवलं की सिस्टरनेच ती बंद केली. म्हणजे माझ्या ताईने! घरी बसवलं तिला.

त्या कॉम्प्युटरमध्ये दोन प्रोग्रॅम. एक नाडी वाचतो, दुसरा घंटा वाजवतो. दोघं आतल्या आत एकमेकांना निरोप धाडतात. मी मध्येच कान लावला. आकड्यांची भाषा ती, अर्थ तेवढा सांगतो.

"सात नंबर. नाडी थांबतेय. वाजव."

"ऐकलं. आवाज बंद आहे. साहेबांच्या पासवर्डने."

सापडला! मी टेबलावर मूठ आपटली आणि सहज सात नंबरच्या खाटेकडे पाहिलं. गादी गुंडाळलेली होती. नाडीच्या तारा खुंटीला लोंबत होत्या. निरोप मात्र येतच होता... स्पिरिटचा वास एकाएकी दाटला.

साहेबांना बोलावलं. सामान न्यायला आलेली ताई दाराशी उभी होती.

"कॉम्प्युटरमध्ये बाहेरून कोणीतरी शिरलंय," साहेब म्हणाले.

मी नेटची वायर उपटली. निरोप चालूच.

"पुसून टाक सगळं," साहेब म्हणाले. " आणि घंटा सिस्टरनेच बंद केली, असं लिहून दे."

"लाज नाही वाटत? माझ्या बहिणीच्या पोटावर पाय देता, वर मीच पुसू? थांबा, तुमच्यासमोरच आवाज चालू करतो!"

नव्याने सुरू करायचा म्हणून मी घंटेचा प्रोग्रॅम बंद केला. साहेब धपकन खुर्चीत बसले. पडद्यावर निरोप उमटला.

"खुर्ची. नाडी मंद. वाजव."

"हे... हे काय आहे?" साहेबांचा हात छातीवर गेला. ओठ पांढरे पडले.

ताईने पिशवी टाकून त्यांचं मनगट धरलं. "बघतोस काय? डॉक्टरांना बोलाव!"

मी हललो नाही. मरू दे, असंच वाटलं मला.

"अरे, हलतोस की नाही!" ताई किंचाळली, तेव्हा कुठे धावलो.

साहेब वाचले, ताईमुळेच. घंटा आपणच बंद केली होती, हे कबूल केलं त्यांनी. ताई पुन्हा त्याच वॉर्डात कामाला जाते, आणि मला ते मुळीच आवडत नाही.

कारण धावताना दारातून मी एकदा मागे वळून पडद्याकडे पाहिलं होतं. घंटेचा प्रोग्रॅम अजून बंदच होता. तरी उत्तर आलं होतं, आणि या वेळी आकड्यांत नव्हे, चांगल्या ठळक अक्षरांत.

"ऐकलं. वाजवणार नाही."