कारकुंडेने गाळलेली पाने

एकाच न्यायाधीशाने, एकाच नगरात, एकाच वर्षी, दोन सारख्या तक्रारींवर परस्परविरुद्ध निकाल का द्यावेत? बालमित्रहो, हे कोडे एका उन्हाळी दुपारी कावेरी खोडके हिच्यापुढे उभे राहिले.

कावेरीचे आजोबा डॉ. यादवराव खोडके हे यंत्रशास्त्रज्ञ होते. निंबोळगावच्या न्यायालयाची जुनी इमारत पाडली जाणार होती. त्यापूर्वी तेथील शतकभरातील निकालपत्रे (न्यायाधीशाने आपला निर्णय ज्यात लिहिला ते कागद) इंटरनेटवर विनामूल्य ठेवण्याचे कार्य त्यांनी शिरावर घेतले होते. हेतू हा, की कायदा शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्यालाही ती वाचता यावीत. त्यासाठी त्यांनी एक यंत्रमानव घडविला होता. तो कारकुनासारखा वागे, म्हणून त्याचे नाव कारकुंडे. कारकुंडे पानांची छायाचित्रे घेई व अक्षर-अभिज्ञान (चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनविणे) करी. त्यानंतर मूळ कागद लगद्याच्या कारखान्यात जात.

आजोबांचे गुडघे सुजले होते, डोळे चुरचुरत होते. "एवढं पार पडलं की मी नुसता झोपणार आहे," असे ते रोज म्हणत.

त्या दुपारी आजोबा व कावेरी न्यायालयाच्या त्या जुन्या इमारतीतच होते, तोच दूरच्या तालुक्यातील विधी महाविद्यालयाच्या मुजावर मॅडम यांचा फोन आला. "सर, आमच्याकडे पुस्तकं घ्यायला पैसे नाहीत, तुमच्या साइटवरच शिकवते. पण बँडच्या दोन निकालांवरून पोरं वर्गात भांडतायत. तुम्हीच सोडवा."

कावेरीने ते निकाल पडद्यावर उघडले. पहिल्यात लिहिले होते, "दावा मंजूर. बँडपथकाने वादीच्या घराशेजारी सराव करू नये." दुसऱ्यात, "दावा नामंजूर. बँडपथकाचा सराव चालू राहावा."

"पहिला बँड बेसूर असेल," कावेरी म्हणाली.

"बेसूर म्हणून बंद करायचा, तर तुझ्या मामाच्या लग्नातला आधी बंद झाला असता," आजोबा कष्टाने हसले. "कारकुंडे, याची आधीची पानं दाखव."

"आधीची पाने नाहीत, साहेब."

"नाहीत म्हणजे?"

"घेतली नाहीत. ती लागत नाहीत."

आजोबा खुर्चीवर हळूच टेकले. मग उलगडा झाला. शिकण्यासाठी कारकुंडेला वर्षभर न्यायालयात निकालांच्या नकला देण्याच्या खिडकीवर ठेवले होते. तेथे येणारा प्रत्येक मनुष्य एकच म्हणे, "जिंकलो का हरलो तेवढं सांग, बाबा!" कारकुंडे शेवटचे पान देई आणि मनुष्य निघून जाई.

"याला यंत्रशिक्षण म्हणतात, कावेरी," आजोबा म्हणाले. "म्हणजे पुष्कळ उदाहरणं पाहून यंत्रानं स्वतः नियम बांधणं. लोकांनी शेवटचंच पान मागितलं, यानं नियम बांधला की बाकीची फालतू. आणि मी अक्षर किती स्वच्छ उमटलंय तेवढंच पाहत बसलो."

इतक्यात बाहेर हॉर्न वाजला. लगद्याची गाडी गठ्ठ्यांनी भरून निघण्याच्या तयारीत होती.

कावेरी धावत गाडीपुढे जाऊन उभी राहिली. "काका, थांबा! सगळं उतरवा!"

"सकाळपासून मीच चढवलं, आता मीच उतरवू?" चालक वैतागला. "माझी कंबर सरकारी आहे का?"

"मी उतरवतो," कारकुंडे म्हणाला आणि त्याने गठ्ठे उतरविले. परंतु पूर्वी गेलेल्या गाड्यांतील कागद केव्हाच भिजून, कुटून लगदा झाले होते. बँडचा पहिला निकाल त्यांतच गेला होता. दुसरा मात्र सापडला. आजोबांनी भिंग धरून तो वाचला.

न्यायाधीशांनी लिहिले होते, "मी स्वतः वादीच्या ओसरीवर दुपारभर बसलो. सराव दिवसा व गोदामाची दारे लावून होतो. मला बोलताना आवाज चढवावा लागला नाही. सबब उपद्रव सिद्ध होत नाही."

"म्हणजे पहिल्या ठिकाणी ओरडून बोलावं लागलं असेल!" कावेरी उद्गारली.

"असेलही. पण अंदाज म्हणजे कायदा नव्हे. हे बघ, ज्या कारणावर निकाल उभा असतो त्याला निर्णयाधार म्हणतात. उद्या कुणी ढोलाची तक्रार आणली, तर न्यायाधीश जुना निर्णयाधार पाहून विचारतील, इथं बोलताना आवाज चढवावा लागतो का? असा वाट दाखवणारा जुना निकाल म्हणजे पूर्वनिर्णय. नुसतं हरलं-जिंकलं वाचून वकील घडत नाही. नुसती उत्तरं पाठ करून तुला गणित येईल का?"

"नाही," कावेरी म्हणाली. "पण आजोबा, आता हे सगळं पुन्हा?"

"पुन्हा." हा शब्द उच्चारताना त्यांचा स्वर खोल गेला.

त्यांनी मुजावर मॅडमना फोन केला व काही न लपविता सर्व सांगितले. "पहिल्या निकालाची कारणं गेली. माझ्या चुकीनं गेली. साइटवर तसंच लिहितो."

मॅडम म्हणाल्या, "आणि उरलेली पानं कोण उलटणार?"

"मी आणि कारकुंडे."

"सर, आवाजावरून तुम्ही आज जेवलेलेही दिसत नाही. रविवारी माझी पोरं एसटीनं येतात. फुकट वाचायचं तर हात नको का लावायला? फक्त चहा पाजा."

आजोबांनी फोन ठेवला, चष्मा काढला आणि खुर्चीतच त्यांचा डोळा लागला.

कारकुंडेने आपला दिवा मंद केला. "कावेरीताई, साहेब थांबले. मीही थांबू?"

"नको. मी उलटते, तू घेत जा."

तिने गठ्ठ्याची नाडी सोडली. जी मुले अद्याप जन्मलीही नाहीत, ती कधीतरी कोठल्यातरी गावी हे वाचतील आणि विचारतील, "असे का ठरले?" त्यांना उत्तर मिळावे, एवढ्यासाठी कावेरीने निकालाचे पहिले पान दिव्याखाली सरळ धरले.