तिसा नदीला ताप आला

"आजोबा, फुलं उडाली!" बोरोका ओरडली आणि नाव अशी डुचमळली की तिचा मामेभाऊ विन्त्से पाण्यातच जायचा!

"गप गं! अजून पंधरा दिवस आहेत," आम्ब्रुशआजोबा गुरगुरले.

तिसा-फुलं म्हणजे पंखवाले किडे. तीन वर्षं अळी काठाच्या चिखलात, अन् उडणं एकाच संध्याकाळी! ती संध्याकाळ कुठली, हे गाव आजोबांना विचारायचं. चाळीस वर्षं त्यांचा शब्द चुकला नव्हता.

पण वळणावर खरंच शंभरेक किडे उडत होते. अन् कसले बारके!

"म्हातारा गंडला!" काठावरून कुणीतरी खिदळलं. आजोबांची मान खाली गेली. बोरोकाचं डोकंच फिरलं.

"विन्त्से, पिशवीत थर्मामीटर आहे ना?"

"तो बाळाच्या आंघोळीचा आहे! आई मारेल."

"दे रे!"

वळणाच्या अलीकडे पाणी एकवीस अंश. वळणावर सत्तावीस!

"नदीला ताप आलाय!" विन्त्से म्हणाला.

आजोबा एकदम ताठ झाले. "ऊन पाण्यात अळी घाईनं वाढते, पण अंगानं बारकीच राहते. अंडीही थोडी. त्यात बाकीचे किडे अजून चिखलात. जोडीदार नाही, तर अंडी कुठून? तीन वर्षांनी हा काठ रिकामा!"

झुडपात वाफाळता पाइप सापडला. त्याच्या मागं मागं पोरं थेट गावच्या गरम झऱ्याच्या स्नानगृहापाशी! तिथलं पाणी आधी तळ्यात निववायचं, मग नदीत सोडायचं, असा नियम. अन् तळ्यात? हे लठ्ठ कार्प मासे! स्नानगृहाचे कालमानकाका त्यांना मका चारत होते.

"शनिवारी माशांच्या रश्श्याची स्पर्धा आहे, त्यासाठी पाळलेत," काका कुजबुजले. "ऊन पाण्यात मरतील बिचारे. म्हणून पाणी जरा नदीकडं वळवलं. एवढी मोठी नदी, तिला काय कळतंय?"

विन्त्सेनं पाइपाखाली बादली भरली. "ओतू तळ्यात?"

"नको! माझी पोरं मरतील!"

"मग नदीतली पोरं कुणाची?" बोरोकानं विचारलं.

काकांनी मका खाली ठेवला अन् जाळी उचलली! तासाभरात मासे आजोबांच्या नावेला बांधलेल्या जाळीच्या पेटीत गेले, अन् पाणी तळ्याकडं वळलं.

बरोबर पंधराव्या संध्याकाळी नदी किड्यांनी झाकून गेली. वल्हंसुद्धा दिसेना!

"आजोबा, पुढच्या वर्षी कधी?" तोच खिदळणारा आता अदबीनं विचारत होता.

"हिला विचार. माझी नदी हिनं वाचवली," आजोबा म्हणाले.

बोरोका ऐटीत म्हणाली, "आधी पाणी मोजीन, मग सांगीन!"