फुली मारलेली पट्टी

हे माझ्या घरात घडलं आहे. सौंसरला, मागच्या डिसेंबरात. गुरुवार होता आणि भर दुपार...

माझ्या नवऱ्याचं, चेतनचं, मोठ्या मोटरी दुरुस्त करायचं वर्कशॉप आमच्या स्वयंपाकघराला लागूनच आहे. मधे एकच भिंत.

पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधून तीनशे एचपीची मोटर आली होती. भरल्या लोडवर सारखी चालू-बंद करून तिचा ॲल्युमिनियमचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, तडकला होता. चेतननं विचार करून तांब्याच्या पट्ट्यांचा नवा रोटर बांधला. पट्ट्यांची टोकं दोन्हीकडच्या कड्यांना झाळून जोडली.

हे झाळकाम तीस वर्षं वर्कशॉपचे जुने कारागीर कवडूकाका करायचे. झाळल्यावर प्रत्येक पट्टी छोट्या हातोडीनं ठोकून ऐकायचे. आवाज बद्द आला की त्या पट्टीवर खडूनं फुली मारायचे.

चेतन हसायचा. "काका, रोटर आहे, टरबूज नाही!"

दिवाळीनंतर काका वारले.

या वेळी कोणीच ठोकलं नव्हतं.

चेतन बेअरिंग आणायला गेला. आल्यावर पूर्ण वेगात चाचणी घेणार होता. स्वतः शेजारी उभा राहून.

मी सात महिन्यांच्या रेवाला भरवत होते.

टण...

भिंतीपलीकडून.

टण... टण...

शटरला तर कुलूप होतं. किल्ली माझ्याजवळ.

रेवानं तोंड मिटलं. ती भिंतीकडे बघत होती.

थप.

मग पुन्हा, त्याच जागी. थप... थप...

रेवाला कडेवर घेतलं आणि शटर उचललं. आत कोणी नव्हतं.

एका पट्टीवर मात्र खडूची ताजी फुली होती...

चेतन आल्यावर फुली पाहून चिडलाच. "हे काय करून राहिली तू?"

"माझा हातही लागला नाही. बंद शटरच्या आत कोणीतरी ठोकत होतं. अहो, आधी ठोकून पाहा."

"तिकडे जिनिंगचा मालक डोक्यावर बसला, अन् तुले भुतं दिसून राहिले!"

"ठोका म्हणते ना! रेवाची शपथ आहे तुम्हाला."

त्यानं ठोकलं. शेजारची पट्टी... टण.

फुलीची... थप.

जोड कापून पाहिला. बाहेरून भरलेला, आतून पोकळ. पूर्ण वेगात पट्टी उखडून सुटली असती. चेतन उभा राहणार होता तिकडेच.

चेतन म्हणतो, काकांनी वाचवलं.

आता उद्या दुसऱ्या एका मोटरच्या रोटरची चाचणी आहे. चेतननं सगळ्या पट्ट्या ठोकल्या. नीट आहेत म्हणतो. पण त्याचा कान काकांचा नाही.

दुपारपासून मी भिंतीला कान लावून बसले आहे.

काहीच ऐकू येत नाही...

सगळे जोड पक्के आहेत, ठोकायची गरजच नाही म्हणून?

की काका आता तिथे नाहीत म्हणून?